ऊन काय पळून जातंय

दुबईत थंडी आधी लोकांच्या तोंडावर दिसते आणि मग हवेत येते. ऑक्टोबर संपत आला की लिफ्टमध्ये अनोळखी माणसंही एकमेकांना सांगतात, "वेदर चेंज झालं, नाही?" आणि सांगणारा असा खुलतो, जणू त्यानंच अर्ज करून ते मंजूर करून आणलंय. आमच्या डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीत खाली गवतावर सतरंज्या पडतात, कुठून तरी कोळशावर भाजलेल्या मांसाचा वास येतो, आणि मे महिन्यापासून बंद असलेल्या खिडक्या कुरकुरत उघडतात. आमच्या घरात खिडकी उघडण्याचा मान माझा. दरवर्षी मी ती उघडतो, छाती भरून वारा घेतो आणि म्हणतो, "आहाहा, महाबळेश्वर!" बायको आणि मुलगी हे वाक्य हल्ली माझ्याआधीच म्हणून दाखवतात.

या वर्षी मी खिडकी उघडली आणि गप्प राहिलो. दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी ती पुन्हा लावून घेतली.

कारण त्या वेळी माझे दाजी सतलजच्या काठी, पुरानं वेढलेल्या आपल्या घराच्या गच्चीवर ओल्या रजईत झोपत होते. आणि त्यांची बायको, म्हणजे माझी ताई, माझ्या स्वयंपाकघरात दुसऱ्यांच्या दिवाळीसाठी चकल्या पाडत होती. ती तिथं नव्हती आणि इथं होती, याचं कारण मी.

तर झालं असं. गणपतीच्या आधी बायको बाथरूममध्ये घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. मनगट मोडणं कुणाचंही वाईटच, पण फराळवालीचं मनगट दिवाळीच्या तोंडावर मोडणं म्हणजे लग्नसराईत भटजींचा घसा बसण्यासारखं. बायको गेली काही वर्षं घरून फराळाच्या ऑर्डरी घेते. सुरुवात शेजारच्या दोन बिऱ्हाडांपासून झाली. आता मरीनातली ऑफिसंसुद्धा डबे मागवतात. लाडू, शंकरपाळे काय, कुणीही करेल. मी स्वतः करंज्या करतो, आणि त्या मोदकांसारख्या दिसतात एवढं सोडलं तर बऱ्या होतात. पण धंदा उभा आहे तो चकलीवर, आणि चकलीला हात लागतो. तसा हात आमच्या खानदानात एकच. ताईचा.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. नगरला नर्सिंग शिकत असताना तिथल्या छावणीतल्या एका उंच पंजाबी हवालदाराच्या पायाला तिनं बँडेज बांधलं, आणि पुढं जे झालं ते आमच्या सांगलीच्या घरात कित्येक वर्षं मोठ्यानं बोललं जात नसे. लग्नाला घरातून कुणी गेलं नाही. नंतर आई-वडील निवळले. दाजी सांगलीला आले, वडिलांशी पत्ते खेळले, मुद्दाम हरले, आणि सगळं गोड झालं. तिच्या गावाला जायचं मात्र राहूनच गेलं. आधी रागामुळे, मग नोकरीमुळे, मग दुबईमुळे. वर्षाची सुट्टी सांगलीत आणि सासुरवाडीत संपे. ताईचं घर मी पाहिलं ते फोनच्या पडद्यावर. दाजी फोन हातात धरून चालत, त्यामुळे त्या घराच्या फरशीची आणि दाजींच्या अंगठ्याची माझी चांगली ओळख होती.

मी ताईला फोन लावला. "दोन महिने ये ना. हिचा हात बरा होईपर्यंत. तुझी दुबईही बघून होईल."

"मला दुबई दाखवतोयस का कढई?" ताई म्हणाली.

"दोन्ही."

"दोन्ही एकाच खिडकीतून दिसत असतील."

त्यांचा मुलगा कॅनडात. घरी दाजी आणि दोन म्हशी. श्रावणात नदीला एकदा पाणी येऊन गेलं होतं, खालची शेतं बुडवून उतरलंही होतं. ताई मागंपुढं करायला लागली तेव्हा मागून दाजींचा आवाज आला, "जाने दे यार. नदी साल में एक बार आती है. आके गयी." ताई आली. परतीचं तिकीट दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाचं होतं.

ती आली आणि घराला आवाज आला. तिच्या मराठीला आता पंजाबी फोडणी बसलीय. "हांजी, बोल" म्हणून ती फोन घेते आणि मुलीला "पुत्तर" म्हणते. मुलगी तिला इंग्रजीत उत्तरं देते, ताई तिच्याशी मराठीत बोलते, आणि मला दोघींत दुभाषा व्हायचं असतं तेव्हा कळतं की दोघींना माझी गरज नाही. बायको स्टुलावर बसून डाव्या हातानं वजनं करी, ताई भाजणीची उकड मळून सोऱ्या दाबी, आणि मी डबे पुसून झाकणं लावी. माझ्या शिक्षणाला साजेसं काम.

रोज सकाळी दाजींचा व्हिडिओ कॉल येई. त्यांची एक पद्धत होती. आधी आभाळ दाखवायचं, मग म्हशी, आणि शेवटी स्वतःला. "देख, ऐसा है." आभाळ निळं, कडेला पिवळा पडत चाललेला धान. मग ताई विचारी, औषध घेतलं का. दाजींची छाती जुनी दुखरी, थंडीत दम लागतो. मग दाजी नगरला शिकलेलं मराठी काढत, "घेतला, घेतला. तू चकल्या घाल." त्यांच्या मराठीत औषध पुल्लिंगी आहे आणि आम्ही कुणी ते दुरुस्त केलेलं नाही.

दसरा जवळ आला तेव्हा ऑर्डरींचा कळस झाला होता. एका ऑफिसनं सगळ्या स्टाफसाठी डबे सांगितले. बायको मला म्हणाली, "नाही म्हणून सांगते. ताई जाणार, माझा हात असा." ती सरळ बोलली होती. नाही म्हणायचं एवढंच काम होतं. पण मी आपला घरातला मुत्सद्दी. म्हटलं, "थांब, मी बोलतो ताईशी."

ताई ओट्याशी उभी होती. मी सुरुवात भावनेपासून केली. "ताई, दिवाळी करूनच जा ना. किती वर्षं झाली आपल्याला एकत्र दिवाळी करून."

"अरे, पण रजयांचं काय?" ती म्हणाली.

आणि तिनं मला समजावून सांगितलं, जसं लहानपणी गणित सांगायची तसं. तिच्या गावाकडे घराघरांत लोखंडी पेटी असते. पेटी म्हणायचं, पण पलंगाएवढी. त्यात घरातल्या सगळ्या गाद्या-रजया. उन्हाळाभर ती बंद, आणि तिची किल्ली घरच्या बाईकडे. दसरा झाला की पेटी उघडायची, रजया गच्चीवर काढायच्या, चार-आठ दिवस ऊन खाऊ घालायचं, दबलेला कापूस पिंजून घ्यायचा, परत भरायच्या. "पिंजणारा येतो, चौकात बसतो, आठवड्यात पुढच्या गावाला जातो. आणि तिकडचं ऊन त्यानंतर काही खरं नाही. एकदा हवा फिरली की फिरली."

मी हसलो. आज लिहितानाही त्या हसण्याचा आवाज मला ऐकू येतो. मी म्हणालो, "दिवाळीनंतर घाल की वाळत. ऊन काय पळून जातंय?"

माणूस वीस वर्षं दुबईत राहिला की त्याचं असं होतं. इथं ऊन म्हणजे सरकारी सोय. सकाळी सुरू, संध्याकाळी बंद, वर्षभर, विनाखंड. ते कधी नसेल ही शंका आम्हाला येत नाही. पंजाबात हिवाळा असतो हे मला ठाऊक होतं, पण माझ्या डोक्यात हिवाळा म्हणजे सणासारखा काही तरी, ज्यात लोक स्वेटर घालून फोटो काढतात.

ताईनं सोऱ्यातून एक चकली पाडली, बोटानं शेवट चिकटवला. "व्हिजाला हरकत नाही ना?"

"अजिबात नाही. मी तिकीट पुढं ढकलतो. दाजींशी मी बोलतो."

दाजी म्हणाले, "ठीक है, साले साब. आपकी दीदी है, रख लो." मी ऑफिसला डब्यांचा होकार कळवला. बायकोनं फक्त विचारलं, "त्या खरंच हो म्हणाल्या?" मी म्हणालो, "आनंदानं." म्हटलं ना, मुत्सद्दी.

त्यानंतर सकाळचं आभाळ बदलत गेलं. एक दिवस पांढुरकं, दुसऱ्या दिवशी राखाडी. "पहाडावर बर्फ पडला," ताई कढईकडे बघत म्हणाली. मी विचारलं तुला कसं कळलं, तर म्हणाली, "त्यांनी टोपी घातली होती, बघितलं नाहीस?" मग अवेळी पाऊस लागला. पंजाबातही आणि वर पहाडातही. बातम्यांत धरणं भरल्याचं, पाणी सोडणार असल्याचं सांगत होते. एका संध्याकाळी दाजींचा कॉल आला तेव्हा मागं गुरुद्वाऱ्याच्या भोंग्यावरून कुणी तरी सारखं काही सांगत होतं. दाजी घाईत होते. "म्हशींना नदीच्या बांधावर नेतो. उंच आहे. मग बोलतो."

ताई ओरडली, "पेटी! पेटी उघडा आधी!"

फोन बंद झाला होता.

तिचा हात गळ्याशी गेला. कुडत्याच्या आत सेफ्टी पिनेला तिनं ती किल्ली लावून ठेवली होती. ती आली तेव्हापासून तिथंच होती, विमानात, मॉलमध्ये, मरीनाच्या बोटीत. ताईबरोबर तिच्या किल्लीचीही दुबई बघून झाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फोन लागला नाही. लागला तेव्हा दाजी गच्चीवर होते. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर फोन चार्ज केला म्हणाले. त्यांनी सवयीनं आभाळ दाखवलं, पण आभाळ आणि जमीन वेगळी ओळखू येत नव्हती. दोन्हीकडं चहाच्या रंगाचं पाणी. धान कुठं दिसत नव्हता. एका विहिरीवरच्या खोलीचं छप्पर तेवढं वर होतं आणि त्यावर बगळे ओळीनं बसले होते.

"पेटी?" ताईनं विचारलं.

"तोडली. पहारीनं. पण म्हशी आधी नेल्या ना. परत आलो तर कमरेएवढा पाणी." त्यांनी फोन वळवला. गच्चीच्या कठड्यावर रजया टाकल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या खालच्या टोकातून पाणी ठिबकत होतं. गावातल्या इतर बायकांनी भोंगा ऐकल्याबरोबर पेट्या उपसून सगळं वर नेलं होतं. आजूबाजूच्या गच्च्यांवर ताडपत्रीखाली कोरड्या बिछान्यांचे ढीग दिसत होते. एका शेजारणीनं रजई देऊ केली होती. दाजींनी "हमारे पास बहुत हैं" म्हणून परत पाठवली. फौजी माणूस. तिच्या घरात लहान मुलं आहेत म्हणाले.

ताई ठिबकणाऱ्या रजया एकेक करून मोजत होती. मला मात्र शांत बसवेना. गुन्हेगाराला घटनास्थळी बडबड करायची खोड असते, तसं काही तरी. मी फोनमध्ये त्यांच्या गावची हवा बघितली आणि दिलासा द्यायला पुढं झालो. "दाजी, सतराच दाखवतंय. सतरा काही फार नाही. आमचा बेडरूमचा एसी सतरावर असतो!"

माझी मुलगी दारातून म्हणाली, "बाबा, स्टॉप."

दाजी खोकले, मग हसले. "साले साब, आपका एसी रिमोट से बंद होता है ना?"

त्या दिवसापासून मी आमचा एसी बंद ठेवायला लागलो. त्यानं दाजींना ऊब मिळाली असं नाही. बायकोला घाम आला, तिच्या पट्ट्याखाली मनगट खाजायला लागलं, आणि तिनं तिसऱ्या दिवशी तो चालू केला. "तुम्हाला प्रायश्चित्त घ्यायचंय तर एकट्यानं घ्या," ती म्हणाली. मी बाल्कनीत झोपून बघितलं. तिथं छान वारा होता. प्रायश्चित्ताची तीच तर अडचण, दुबईत त्या दिवसांत कुठंही झोपलं तरी छानच वाटतं.

पाऊस थांबला तसं मला हायसं वाटलं. म्हटलं, आता ऊन पडेल, रजया वाळतील. पण पाऊस गेला आणि तिकडं खरी थंडी उतरली. पाणी हटेना, आणि त्या पाण्यावर सकाळी धुकं बसायला लागलं. दाजी फोन वर धरत आणि पडदा नुसता पांढरा दिसे. दुपारी घटकाभर सूर्य दिसे, तोही पुसून टाकलेल्या कुंकवासारखा. रजईतला कापूस बाहेरून वाळला तरी आतून ओला राही, रात्रीच्या दवानं परत जड होई. दाजी त्यातल्या त्यात बरी निवडून अंगावर घेत. त्यांचा खोकला फोनवर दिवसेंदिवस खालच्या पट्टीत उतरत होता. ते गाव सोडून शहरातल्या नातेवाइकांकडे जायला तयार नव्हते, कारण म्हशी. "उनको कौन देखेगा?"

ताई जाते म्हणाली नाही. हे मला सांगावंसं वाटतं, कारण ती म्हणाली असती तर माझं सोपं झालं असतं. ती सकाळी फोन ठेवी, पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधी आणि भाजणी घेई. तिनं शब्द दिला होता. मी माझ्या मनाशी रोज एक नवीन कारण तयार करी. रस्ते बंद आहेत. पाणी उतरलं की जाईल. ती जाऊन तरी काय करणार, रजया फुंकून वाळवणार? डबे पोचले की लगेच. दरवेळी कारण पटायचं, आणि पटलं की जास्तच लाज वाटायची.

मग एका दुपारी चकल्या तुटायला लागल्या.

ताईची चकली कधी तुटत नाही. सोऱ्यातून ती अखंड येते आणि तिचे काटे उभे राहतात. त्या दिवशी प्रत्येक वेढ्याला तुटत होती. ताई म्हणाली, मोहन जास्त झालं. पुन्हा मळलं. पुन्हा तुटली. म्हणाली, इथलं तांदळाचं पीठच बरोबर नाही. बायको स्टुलावरून बघत होती. तिनं डावा हात पुढं करून गॅस बंद केला.

"ताई, बसा."

"अगं, तेल गार होईल."

"होऊ दे." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "अहो, तिकीट काढा. उद्याचं."

मी म्हणालो, "पण त्या ऑफिसचे डबे..."

हो, मी हे म्हणालो. दुसरं काहीही बोलू शकलो असतो.

"खलास," बायको म्हणाली. "मी सांगते त्यांना. चकली नाही मिळणार, लाडू खा." आणि तिनं खरंच फोन लावला, मोडक्या हातानं, आणि पाच मिनिटांत ते प्रकरण संपलं. समोरची बाई चांगली होती. तिनं विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? बायको म्हणाली, नाही, ठीक नाहीये. इतकं सोपं होतं ते. जे वाक्य मला दसऱ्याला म्हणायला हवं होतं, ते मी नाही, डाव्या हातानं वजनं करणारी बाई म्हणाली.

ताई खुर्चीत बसली आणि पहिल्यांदा रडली. रडताना तिला आधी पिठाचे हात धुवायचे होते, ते राहिले म्हणून ती आणखी रडली.

मी गाडी काढली आणि इंटरनॅशनल सिटीला ड्रॅगन मार्टमध्ये गेलो. गल्फमधला माणूस अडचणीत आला की ब्लँकेट घेतो. आम्ही लोक वर्षानुवर्षं घरी नेत आलोय ती जाडजूड, मखमली ब्लँकेटं, ज्यांच्यावर वाघ किंवा गुलाब असतात. मी चार घेतली. दुकानदारानं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हवा शोषून दाबून दिली. घरी आणून बाथरूममधल्या काट्यावर ठेवली, तर ताईच्या सामानाची सगळी मर्यादा त्यांतच संपली.

ताईनं एकावर हात फिरवला. "किती रे?"

"शंभर दिरहम एक. चोवीसशे रुपये."

"मऊ आहे," ती म्हणाली. "पण हे पॉलिस्टर. पहाटे दव पडलं की बाहेरून गार, आतून घाम. त्यांची छाती..." आणि मग माझा चेहरा बघून तिनं वाक्य मोडलं. "घेते ना. म्हशींच्या पाठीवर घालायला झकास. एक यांना, एक मला, दोन म्हशींना."

मुलीनं आत्याच्या हँडबॅगमध्ये आपला स्वेटर कोंबला. त्यात दाजींचा एक हातही शिरला नसता. "फॉर दाजी," ती म्हणाली. तिला आत्याच्या नवऱ्याला काय म्हणतात ते मी कधी सांगितलेलंच नाही. ताईनं तो स्वेटर बाहेर काढून नीट घडी घातली आणि पुन्हा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शारजाच्या विमानतळाकडे गाडी चालवताना मी मनात भाषण जुळवत होतो. पुलाखालून निघालो तेव्हा सुरुवात केली. "ताई, मी तुला थांबवायला नको होतं."

"या लेनमधून जायचंय का तुला?" ताई म्हणाली. "तो मागचा हॉर्न देतोय."

मी लेन बदलली. "म्हणजे, मला कळायला हवं होतं की..."

"तिच्या हाताला रोज कोमट पाण्यात व्यायाम द्या. पट्टा निघाला म्हणून लगेच पोळ्या लाटायला लावू नकोस."

"ताई, मी काय म्हणतोय..."

"ऐकलं रे." मग ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. रस्त्याकडेला फुलांच्या वाफ्यांना पाणी घालत होते. थोड्या वेळानं म्हणाली, "इथं पाणी किती शहाण्यासारखं वागतं ना." निघताना तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, ब्लँकेटांची ट्रॉली ढकलत आत गेली, आणि मला न रागावताच गेली.

पुढचे दोन दिवस तिचा फोन नाही. तिसऱ्या दिवशी आला तो जिल्ह्याच्या गावातल्या हॉस्पिटलच्या व्हरांड्यातून. ट्रॅक्टरनं, मग होडीनं, मग पुन्हा चालत ती घरी पोचली होती. दाजी गच्चीवर बसले होते, बोलताना मध्येच थांबत होते. तिनं फक्त त्यांची निळसर पडलेली नखं बघितली, नर्स होती ना, आणि त्याच होडीतून त्यांना परत घेऊन निघाली. न्युमोनिया. म्हशी शेजारणीच्या हवाली.

"डॉक्टर काय म्हणतात?" मी विचारलं.

"उतरेल म्हणतात. छाती मात्र आता पहिल्यासारखी नाही राहायची. दर हिवाळ्यात जपावं लागेल. जिने नाहीत, ट्रॅक्टर नाही."

"गव्हाची पेरणी?"

"शेतात गुडघाभर वाळू बसलीय. कसली पेरणी?"

मी विचारावं की नको असं करत विचारलं, "आधी आली असतीस तर..."

"मला काय माहीत?" ताई म्हणाली. "डॉक्टरला विचारू? तो त्याच्या कामात आहे." आणि आतून कुणी बोलावलं म्हणून गेली.

दिवाळी आली. बायकोनं लाडवांचे डबे पोचवले, लोकांनी कौतुक केलं, कुणी चकलीबद्दल विचारलं नाही. सगळे इतके समजूतदार वागले की मला कुठं तोंड लपवायला जागा राहिली नाही.

भाऊबीजेला ताई दरवर्षी फोनच्या पडद्याला ओवाळते. मी आंघोळ करून, कुर्ता घालून, फोन साखरेच्या डब्याला टेकवून समोर बसतो. या वर्षी ती कशी ओवाळणार? तरी मी सवयीनं कुर्ता घातला, आणि मग स्वतःचीच शरम वाटून काढायला लागलो, तेवढ्यात कॉल आला. ताई वॉर्डात, दाजींच्या कॉटशी. "नर्स दिवा लावू देत नाही. ऑक्सिजन आहे ना," ती म्हणाली, आणि रिकामा हात फोनभोवती तीनदा फिरवला. पडद्यावर तिच्या तळव्याशिवाय काही दिसत नव्हतं. तळवा फाटलेला होता, मधे एकदा घरी जाऊन उपसलेल्या चिखलानं.

मागून दाजींचा घोगरा आवाज आला, "साले साब, ओवाळणी?"

"सांगा काय घालू, दाजी," मी म्हणालो.

उत्तर ताईनं दिलं. "ये. तीस वर्षांत एकदा तरी घरी ये. खालच्या दोन खोल्यांत चिखल भरलाय, पाणी उतरलं की दगडासारखा होईल. यांना हात लावू द्यायचा नाही. तू ये."

मी दुसऱ्याच दिवशी ऑफिसात जानेवारीच्या सुट्टीचा अर्ज केला. इथं सगळे जुलैत जातात. साहेबानं अर्ज बघून विचारलं, "जानेवारी? दुबईतला बेस्ट वेदर सोडून?" मी म्हणालो, फॅमिली मॅटर. त्यानं इन्शाल्ला म्हणून सही केली.

घरी मुलगी म्हणाली, "बाबा, यू कान्ट इव्हन कॅरी द ग्रोसरीज अप." मी तिला म्हटलं, दिवसाला चिखलाची एक पाटी तर उचलेन. मग रात्रीच्या जेवणानंतर भांडी पुसताना बायकोला हळूच म्हणालो, "तिथं गेल्यावर तरी ताई मला दोन शब्द सुनावेल. मग मोकळं वाटेल."

बायको डाव्या हातानं टेबल पुसत होती. ती थांबली.

"अहो," ती म्हणाली, "त्यासाठी जात असाल तर जाऊ नका. त्यांना तेवढा वेळ नाही. चिखल काढायला जात असाल तर जा."